फिद्दाची खोली

जॉर्डनमधल्या अजलूनच्या डोंगरावरच्या आमच्या गावात फिद्दाला तिच्या नावानं हाक मारणारे फार थोडे. कुणासाठी ती हज्जे वद्‌हाची मुलगी, कुणासाठी अबू राकानची, म्हणजे राकानच्या बापाची, बहीण. तिच्याबरोबर शाळेत गेलेल्या आम्ही सगळ्या कधीच्या ‘अमक्याची आई’ झालो होतो. पंचेचाळिशी उलटली तरी ती मुलगीच राहिली.

ऐन वयात तिला इर्बिद शहरातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा बेकरीत कामाला, स्वभावानं गरीब. कॉफी झाली, फक्त लग्न पक्कं करायचा फातिहा वाचायचा राहिला, आणि त्याच आठवड्यात तिच्या वडलांना अर्धांगवायूचा झटका आला. जरा थांबा, असा निरोप गेला. स्थळ थांबलं नाही. वडील कित्येक वर्षं अंथरुणात होते. ते गेले तोवर आईचे गुडघे गेले होते. फिद्दाला कुणी ‘तू राहशील का’ असं विचारलं नाही. ती राहिली.

मी त्यांची शेजारीण, आणि एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढते. म्हणून भावांनी जुनं घर पाडून वडलांच्या जमिनीवर नवं बांधायचं ठरवलं तेव्हा काम माझ्याकडेच आलं. खाली थोरला गालिब, म्हणजे अबू राकान, त्याची बायको इब्तिसाम, मुलगा राकान, मुली आणि आई. वर धाकटा मुंजिर. घरात टेबल नव्हतं, म्हणून नकाशा आम्ही आईच्या पलंगावरच पसरला. फिद्दा चहाचे पेले घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली.

“शादिया, बैठक अशी कर की गाव मावलं पाहिजे,” गालिब म्हणाला. तो फौजेतून निवृत्त झालेला, बोलणं हुकमी. “वडील गेले तेव्हा सांत्वनाला आलेली माणसं रस्त्यात बसली होती. ती लाज अजून जात नाही.”

“माझ्या डोक्यावर पाणी गळलं नाही म्हणजे मला बास,” मुंजिर म्हणाला.

“वरचा मजला तुझा. गळलं तर तुझ्याच डोक्यावर गळणार रे,” इब्तिसाम म्हणाली, आणि सगळे हसले.

आई हसली नाही. तिनं कागदावर बोट ठेवलं. “यात फिद्दाची खोली कुठाय?”

“तुझ्याच खोलीत दोन पलंग दाखवलेत, यम्मा,” गालिब म्हणाला.

“आणि मी गेल्यावर?”

“तोबा, यम्मा! काय बोलतेस?”

“तोबा कसला? बोलल्यानं मरण येत असतं तर तुझे वडील एवढे कुजले नसते. मी गेल्यावर ही कुठं झोपणार, ते सांग.”

फिद्दा पेले गोळा करायला लागली. त्यातले निम्मे अजून भरलेले होते.

जमीन उताराची होती. रस्त्याच्या आणि शेजाऱ्याच्या बाजूनं नियमाचं सामासिक अंतर मोकळं सोडलं की भिंत वीतभरही पुढं सरकवता येत नव्हती. एका खोलीला द्यायचं ते दुसरीतूनच काढायचं. मी बैठक कापली, आणि स्वयंपाकघराच्या बोळात फिद्दाला एक छोटी खोली काढली. गालिबला ते आवडलं नव्हतं, पण आईपुढं त्याचं चाललं नाही.

त्यानंतर फिद्दा एकदा एकटीच माझ्या ऑफिसात आली. खुर्चीच्या कडेवर बसली.

“खिडकी जरा खाली घेता येईल? बसल्या बसल्या बाहेर दिसावं.”

“येईल की.”

“आणि दार बोळातच ठेव हं. पोरी शाळेतून आल्या की आधी मला हाक मारतात. ऐकू आलं पाहिजे.” मग हळूच म्हणाली, “शादिया, पडदा कुठल्या रंगाचा घ्यावा गं?” अजून पाया खणला नव्हता, परवानगीचा अर्जही गेला नव्हता, आणि ती पडद्यापर्यंत पोचली होती. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात फिद्दाची आई हज्जे वद्‌हा गेली. सांत्वनाला आसपासची सगळी गावं लोटली. रस्त्यात तंबू घातला, तर दुसऱ्या दिवशी वाऱ्यापावसानं तो कोसळला. म्हातारे पाहुणे भिजले, कडू कॉफीच्या सुरया चिखलात गेल्या. गालिब भर पावसात उघड्या डोक्यानं उभा होता, येईल त्याची माफी मागत. त्याचं ते तोंड मी विसरू शकत नाही. तो वाईट माणूस नव्हता.

चाळिसावा झाला आणि तो बायकोला घेऊन ऑफिसात आला.

“आईची खोली आता लागत नाही. ती काढ. आणि ती छोटीही काढ. दोन्ही बैठकीत घाल.”

“आणि फिद्दा?”

“मुलींच्या खोलीत झोपेल. एकटीला तिला भीतीच वाटेल.”

“तिला विचारलंत? अबू राकान, जमिनीत तिचाही वाटा आहे. तिच्या सहीशिवाय नगरपालिका अर्ज घेणार नाही.”

“ती सही करेल,” इब्तिसाम म्हणाली. “तिनं आजवर कशाला नाही म्हटलंय?”

मी तसा नकाशा काढला आणि सहीसाठी फिद्दाला बोलावलं. शोकाचे काळे कपडे होते तिच्या अंगावर. तिनं नवा नकाशा बराच वेळ पाहिला.

“आईची काढा,” ती म्हणाली. “माझी राहू द्या.”

गालिबला आधी ऐकू आलं नसावं. मग त्याचा चेहरा लाल झाला. “भावाच्या घरात बहिणीला वेगळी खोली? माझ्या मुलींत झोपायला तुला कमीपणा वाटतो?”

“तसं नाही, भाऊ. मला म्हातारपण येतंय. दार लावून बसायला एक जागा हवी.”

“दार लावून? कुणापासून? आमच्यापासून?”

तिनं नकाशा परत माझ्याकडं सरकवला. सही केली नाही.

पुढचे काही महिने आमच्या गावाला दुसरा विषय नव्हता. बहिणीनं भावाचं घर अडवलं. आईची माती ओली आहे तोवर वाटा मागितला. वाटा तिनं मागितलाच नव्हता, पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मुलींना तिला हाक मारायची बंदी झाली. ती भाकरी भाजायची, सगळ्यांना वाढायची, आणि एकटी मागं जेवायची. मुंजिर मध्ये पडायला गेला तर गालिबनं त्याच्याशीही बोलणं टाकलं.

शेवटी एका सकाळी गालिब एकटाच माझ्याकडं आला. वाळला होता.

“दे तिला खोली. पण बोळातलं दार बुजव. भिंत घाल तिथं. तिचं दार बाहेरून, जिन्याखालून काढ. वेगळं हवंय ना तिला? मग पुरतं वेगळं होऊ दे.”

मी तसा नकाशा काढला. फिद्दाला दाखवला. तिनं बोळातल्या दाराच्या जागी काढलेली नवी भिंत पाहिली.

“इथून मुलींचा आवाज येईल?”

“भिंत विटेची आहे, फिद्दा. थोडासा येईल.”

“बरं,” ती म्हणाली आणि सही केली. त्याच दुपारी अर्ज नगरपालिकेत गेला.

घर झालं. पांढऱ्या दगडाचं, देखणं. बैठक शेवटी गालिबला हवी होती त्यापेक्षा लहानच राहिली. फिद्दा जिन्याखालच्या दारातून येते जाते. एका शेगडीवर एकटीपुरतं शिजवते. खिडकी तिनं मागितली तेवढीच खाली आहे.

आमच्याकडं ईदला भाऊ लग्न झालेल्या बहिणींच्या घरी जातात. पहिल्या ईदला गालिब नवा अंगरखा घालून आपल्या दारातून बाहेर पडला, घराला वळसा घालून आला आणि तिच्या दारावर त्यानं थाप दिली. तिनं कॉफी दिली. तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला, तिच्या हातात ईदी ठेवली.

“खोली थंड आहे,” तो म्हणाला.

“हो. हिवाळ्यात जरा होते.”

त्यानं पेला खाली ठेवला, रीतीप्रमाणे हालवून, आता पुरे म्हणून. ती त्याला दारापर्यंत पोचवायला गेली, आणि तो घराच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहिली.