कोटवाला आला का?

शिवणवाल्या वहिनींनी माझ्या नव्या ड्रेसला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून दिल्या, तेव्हा मला कळलं की आता बोलायलाच हवं. पंचवीस वर्षांत त्यांनी मला एकही कपडा वेळेवर दिला नाही, पण चुकीचा कधी दिला नव्हता. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. निवृत्त शिक्षिका आहे आणि चूक दिसली की माझी जीभ गप्प बसत नाही. या वेळी मात्र मी ड्रेस घडी घालून पिशवीत टाकला आणि मुकाट्यानं जिना उतरले.

त्यांचं घर म्हणजे दीड खोली. पुढे मशीन, मशीनसमोर टीव्ही, मग एक पडदा आणि पडद्यामागे भाऊंची खाट. भाऊ म्हणजे वहिनींचे यजमान. तीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि एका सकाळी उजवं अंग गेलं. मान वळेना, आवाज सोसेना. टीव्हीचा आवाज बंद झाला तो तेव्हापासून. मशीनची खडखड मात्र त्यांना चालायची. "ती घरचीच आहे," म्हणायचे.

साडेसातची मालिका वहिनी बघायच्या ती धंद्यासाठी. नायिकेची बाही सोमवारी दिसली की बुधवारी तीच मागायला बायका दारात हजर. गोष्टीशी वहिनींना काडीचं देणंघेणं नव्हतं. पण पडद्यामागून भाऊ विचारायचे, "काय चाललंय गं?" आणि मशीनवरचा पाय न काढता वहिनी सांगू लागल्या. आवाजच नाही, त्यामुळे नावंही त्यांचीच. एक चौकोनी गळा, एक लांब बाहीवाली, आणि घरातला थोरला भाऊ तो कोटवाला. टीव्हीवर चौकोनी गळा रागानं थरथरत असायची, कोणाचं तरी वाटोळं करायच्या गोष्टी करत असायची, आणि वहिनी सांगायच्या, "हिचं दूध उतू गेलंय हो, म्हणून ही तणतण." पडद्यामागे खाट कुरकुरायची. भाऊ हसले की ती तशी कुरकुरायची.

मला स्वतःला प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम आवडतो. तिथे चुकीच्या उत्तराला चूक म्हणतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. मालिका म्हटलं की मी नाक मुरडते. तरी साडेसातला काहीतरी दुरुस्तीचं काढून मी खाली जायचे. वहिनींची मालिका खऱ्या मालिकेपेक्षा कितीतरी बरी होती.

मग एके दिवशी कोटवाला मेला. दोन वर्षं होऊन गेली त्याला. मी कमरेला टाचण्या लावून उभी होते. टीव्हीवर सगळे रडत होते आणि खुंटीवर रिकामा कोट दाखवला. सांगता सांगता वहिनी थांबल्या. आतून भाऊंनी विचारलं, "का गं थांबलीस?"

"काही नाही. कोटवाला कामासाठी परगावी निघालाय," वहिनी म्हणाल्या. "रडतायत सगळी."

जन्मभर मी मुलांच्या थापा पकडल्या. ही थाप मी गिळली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मेल्याबिल्याची गोष्ट कोण सांगणार? बायका माप द्यायला आल्या की त्या मरणाबद्दल चवीनं बोलायच्या, पण त्या मालिकेतली खरी नावं घ्यायच्या. भाऊंना कोटवाला तेवढा माहीत. त्यामुळे वहिनी निर्धास्त होत्या.

तेव्हापासून भाऊ रोज विचारायचे, "कोटवाला आला का?" आणि वहिनी म्हणायच्या, "नाही, पत्र आलंय." मग ते पत्र. परगावी त्याला जेवण मिळत नाही, कोटाचं अस्तर फाटलंय, तिथला शिंपी अगदीच अडाणी आहे. दीड वर्ष पत्रं आली. शेवटच्या संध्याकाळी भाऊंनी विचारलं, तेव्हा वहिनी दमलेल्या होत्या. पत्र सुचेना. म्हणाल्या, "उद्या येतोय." भाऊ म्हणाले, "येईल. त्याला घाई नको करूस." सकाळी भाऊ उठलेच नाहीत.

याला सात महिने झाले. वहिनी रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धीराची बाई. कसला धीर! जेवलात का विचारलं तर "हं", नाही जेवलात का विचारलं तरी "हं". खाट तशीच, पडदा बाजूला सारलेला. टीव्ही साडेसातला लागायचा, पण वहिनी मान वर करायच्या नाहीत. एकदाच मला म्हणाल्या, "मी त्यांच्याशी शेवटचं बोलले ते खोटं बोलले, बाई." हे त्यांनी दूध संपलंय म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मला त्या आवाजाची भीती वाटली.

तर मी बाह्यांचा ड्रेस घेऊन उतरले तो मालिकेचा शेवटचा दिवस. मी ड्रेस पसरला. वहिनींनी बाह्या पाहिल्या, "हं" म्हणाल्या आणि ब्लेडनं उसवायला घेतल्या.

"आज संपतेय," टीव्हीकडे न बघता त्या म्हणाल्या. "आता काही कोटवाला येत नाही."

"वहिनी, भाऊंना मी शब्द दिला होता. तो आज मोडते," मी म्हटलं. "कोटवाला मेला त्याच आठवड्यात तुम्ही दोरा आणायला गेला होतात. भाऊंनी मला आत हाक मारली. म्हणाले, बाई, कोटवाला गेला ना?"

ब्लेड थांबलं.

"मला खोटं बोलता येत नाही. मी हो म्हटलं. तुम्हाला कोणी सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, या बायका माप देताना गप्प बसतात का? थोरला भाऊ, अंगात सदा कोट, घरात असे किती असणार? मग म्हणाले, हिला बोलू नका. दिवसभर ही गोळ्या आणि चादरी यापलीकडे बोलत नाही. मी विचारलं की पत्र रचते आणि रचताना हसते. मला इथून ऐकू येतं."

"म्हणजे रोज..."

"रोज. माहीत असून."

"त्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा. घाई नको करूस म्हणाले ना?"

टीव्हीवर सगळं घर एका रांगेत उभं राहून हसत होतं आणि त्यांच्या अंगावरून नावं सरकत होती. वहिनी खाटेकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पुन्हा "हं" येणार.

"लबाड," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, खाटेलाच, "लबाड कुठले!"

आणि त्यांना रडू फुटलं. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून माझी बाही त्यांनी डोळ्यांना लावली आणि मग नाकालाही. एरवी मी बोलले असते. पण ती बाही नाहीतरी उसवायचीच होती.