साडूंचं मत आणि अक्कांचा हिस्सा

जगात असा एकही प्रश्न उरलेला नाही, ज्यावर आमच्या साडूंचं मत तयार नाही. डॉल्बीचा आवाज, फाशीची शिक्षा, प्लास्टिकची पिशवी, बोअरची खोली, आंतरजातीय लग्न, रस्त्यासाठी तोडलेले कडुनिंब, विषय तुम्ही काढा, मत ते देतात. विषय काढला नाहीत तर विषयही तेच काढतात. 'हाई मन्हं वैयक्तिक मत शे,' अशी सुरुवात करून ते समोरच्याला इतक्या वैयक्तिकपणे धरून ठेवतात की त्याची बस चुकते. आणि बस चुकली तर पुढची कधी आहे हेही तेच सांगतात, कारण सगळी नोकरी त्यांनी एसटीत काढली, शेवटची काही वर्षं तर अमळनेरच्या स्टँडवर माइकसमोर. 'धुळ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे' एवढंच सांगायचं काम. पण त्यात हे भर घालायचे, 'प्रवाशांनी खिडकीतून थुंकू नये, मागच्या खिडकीतही कुणाचा तरी बाप बसलेला असतो.' लोक गाडी सोडून ऐकत उभे राहायचे असं ते सांगतात. लोक गाडीत चढून हसायचे हे मी पाहिलेलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना नाना म्हणतो. मी राहतो जळगावला, ते अमळनेरला, आणि या अंतराबद्दल मी रेल्वेचा आणि एसटीचा दोघांचाही आभारी आहे. माणूस लाखातला, पण त्यांच्याबरोबर लग्नाला जायची सोय नाही. ते लग्नात स्वतःचा तांब्या घेऊन येतात. बाटलीतलं पाणी हा गुन्हा आहे हे त्यांचं मत, त्यामुळे पंगतीत हे तांब्या पुढे करून बसणार आणि वाढपी त्यात मठ्ठा ओतणार. एकदा पारोळ्याच्या लग्नात डॉल्बी इतका वाजत होता की मांडवाचे खांब थरथरत होते. नानांनी मोबाइलवर आवाज मोजायची सोय करून घेतली होती. तो आकडा घेऊन ते थेट नवरदेवाच्या वडिलांकडे गेले. वडिलांनी आकडा पाहिला, छाती फुगवली आणि डॉल्बीवाल्याला ओरडून सांगितलं, 'पाव्हना मोजी राह्यना रे, आखो वाढाव!' त्यानंतर परत येईपर्यंत नाना गाडीत गप्प होते, पण त्याचं कारण एवढंच की त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

हेल्मेटचंही तसंच. आमच्या जळगाव जिल्ह्याचा मे महिना ज्यांनी भोगला आहे त्यांना मी काही सांगायला नको. त्या उन्हात लोक डोक्याला उपरणं गुंडाळून फिरतात, तिथे आमचे नाना हेल्मेट घालून स्कूटर चालवणार, आणि काढून ठेवलं तर चोरीला जाईल म्हणून भाजीबाजारातही तसेच हिंडणार. भरताची वांगी निवडायला हेल्मेट घालून वाकलेला माणूस पाहून एक म्हातारी टोपली सोडून उठली होती. केस कापायच्या दुकानात तर फाशीच्या शिक्षेवरून वाद झाला. नाना फाशीच्या विरुद्ध, न्हावी कट्टर बाजूचा, आणि वस्तरा त्याच्या हातात. तरी नाना हटले नाहीत. अर्धी दाढी तशीच ठेवून, गळ्यातला टॉवेल शांतपणे घडी करून ते बाहेर पडले आणि उरलेली अर्धी घरी येऊन केली. आणि समाजाच्या वधू-वर मेळाव्यात, माइकची सवय आहे म्हणून कुणीतरी भोळेपणाने त्यांना नावं पुकारायला बसवलं, तेव्हा पाच-दहा स्थळं वाचून झाल्यावर ते म्हणाले की मुलामुलीने आधी वर्षभर एकत्र राहून बघावं, मगच लग्न करावं, कायद्याची त्याला काही हरकत नाही. त्या मेळाव्यात त्यानंतर एकही लग्न जमलं नाही. माझी मेहुणी, म्हणजे नानांची बायको, तेव्हा हयात होती. ती पदर तोंडाला लावून हसत होती, रडत होती असंही म्हणतात.

मेहुणी गेल्यापासून नाना एकटे असतात. मुलगी पुण्यात नोकरीला. पण एक सांगायला हवं, हे गृहस्थ मतं फक्त देत नाहीत, ती आधी स्वतःवर वापरतात, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे. मत देऊन मोकळे होणारे आपल्यात गल्लोगल्ली आहेत. आपल्या मताप्रमाणे वागून स्वतःचं नुकसान करून घेणारा मी हा एकच पाहिला. त्यांचे वडील वारले तेव्हा ते फार जवळून पाहायला मिळालं.

अमळनेरजवळच गावाकडे वडिलांच्या नावावर थोडी जमीन. वारस दोघंच, नाना आणि पाचोऱ्याला दिलेली त्यांची मोठी बहीण, अक्का. अक्कांचे यजमान आधीच गेलेले, मुलाकडे राहतात. आपल्याकडे अशा वेळी जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बहीण येते, हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करते, भाऊ साडी-चोळी करतो, दोघं डोळे पुसतात आणि जमीन भावाची होते. अक्का त्यासाठी स्वतःहून आल्या होत्या. आधार कार्ड, दोन फोटो, सगळं पिशवीत. निबंधकाच्या कार्यालयात मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. आणि ऐन सहीच्या वेळी नाना म्हणाले, 'मी हाई लेवाव नही.' मुलीला बापाच्या जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, कायदा आहे, आणि कायदा असताना बहिणीला रडवून सही घेणं ही चोरी आहे. टेबलामागचे कारकून म्हणाले, 'काका, इथे लोक घेण्यासाठी भांडतात. देण्यासाठी भांडणारे तुम्ही पहिलेच.' रांगेतल्या दोघातिघांनी नानांना नमस्कारही केला. मला त्या दिवशी माझ्या साडूंचा खरोखर अभिमान वाटला.

फक्त अक्कांना वाटला नाही. त्या बाकावर बसून रडायला लागल्या. आम्हाला वाटलं आनंदाने. त्या म्हणाल्या, 'भाऊ, हिस्सा लिसनी मी आठे कशी येसू? हिस्सेदारले कोनी आखाजीले बलावस का? तू मन्हं माहेर तोडी टाकं.' हिस्सा घेतल्यावर माहेरी कुठल्या तोंडाने यायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि नाना त्यांना कायद्याचं कलम समजावून सांगू लागले. त्या पिशवी उचलून पाचोऱ्याच्या गाडीत बसल्या.

इथे आखाजीबद्दल सांगायला हवं. बाकी महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया सोन्याच्या दुकानात जाते. आमच्या खान्देशात त्या दिवशी सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस खातात, पितरांच्या नावाने घागर भरतात. साठीतली बाईसुद्धा त्या चार दिवसांत मुलगी होते. वडील गेल्यावरची ती पहिली आखाजी. मेहुणी नाही म्हणून माझी बायको स्वयंपाकाला अमळनेरला गेली होती, तिच्याबरोबर मी. नानांनी वडिलांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, झोका बांधला, आणि दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहिलं. अक्का आल्या नाहीत. संध्याकाळी ते मला म्हणाले, 'साडूभाऊ, मन्हं चुकनं का?' मी म्हणालो, तुमचं मत बरोबर आहे. ते म्हणाले, 'ते माले ठाऊक शे. मी चुकनू का ते इचारी राह्यनू.'

पण मत बदलतील तर ते नाना कसले. हिवाळ्यातली दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, निघाली तेव्हा त्यांनी अर्धी पोती अक्कांकडे पाठवून दिली. अक्कांनी ती पिकअपमधून खाली उतरूच दिली नाहीत. गाडीवाला परत अमळनेरला आला, नानांनी ती घेतली नाहीत. मग त्या शहाण्याने मधला मार्ग म्हणून पोती जळगावला आमच्या दारात टाकली आणि निघून गेला. तेव्हापासून आमच्या बोळात दादरीची पोती उभी. शेजारी विचारत, दुकान काढलं का? बायको म्हणे, खायची नाही, आपली नाही. मी नानांना फोन केला की ते म्हणत, ती अक्काची आहेत. अक्कांना केला की त्या म्हणत, ती भाऊची आहेत. दोन सज्जन माणसांच्या मधे राहण्याची जागा फार अरुंद असते, त्यात आमचा बोळ आधीच अरुंद.

उन्हाळा लागला आणि पोत्यांतून पोरकिडे निघू लागले. बायकोने वैतागून अक्कांना सांगितलं, तुमच्या वडिलांच्या वावरातलं धान्य माझ्या डोळ्यांसमोर भुसा होतंय, मला हे पाप नको. दुसऱ्या दिवशी अक्का दारात हजर. कुणाशी न बोलता त्यांनी एक पोतं सोडलं, मूठभर दादर हातात घेतली आणि वास घेतला. मग सूप मागितलं. दिवसभर त्या बोळात बसून पाखडत होत्या आणि पुटपुटत होत्या. पाखडता पाखडता त्यांचा सगळा राग जागा बदलून बसला. हिस्सा दिला म्हणून नव्हे, आता धान्य किडू दिलं म्हणून त्या भावावर संतापल्या होत्या, आणि तो राग फोनवर मावणारा नव्हता. दोन दिवसांवर आखाजी होती. आम्ही तिघं अमळनेरला निघालो.

नाना ओट्यावर होते. बहिणीला पाहून उठले, तोंड उघडलं. अक्का म्हणाल्या, 'बठ्ठं ऐकी लिधं तुन्हं. दादर किडी जाई राह्यनी आनि तू मत सांगी राह्यना. मी माहेरले नही उनी. मन्हं वावर देखाले उनी.' आणि खरंच आधी वावरात गेल्या. बांध कुणी कोरला, विहिरीजवळचा आंबा का छाटला नाही, कपाशीच्या काड्या अजून उभ्या का. नाना म्हणाले, काड्या जाळल्या की हवा खराब होते. अक्का म्हणाल्या, ठेवल्या की बोंडअळी राहते, त्याबद्दल तुझं काय मत आहे? नाना काड्या उपटायला लागले. मी त्यांच्या मागे उभा राहून हसू दाबत होतो. चार दिवस घरात भांडण होतं आणि आमरस होता. दोन्हींपैकी काही कमी पडलं नाही. अक्का झोक्यावर मात्र बसल्या नाहीत. माहेरी आलेच नाही म्हटल्यावर झोक्यावर कसं बसणार.

निघायच्या सकाळी माझ्या बायकोने सवयीप्रमाणे ताट केलं. गहू, नारळ, खण, हळदीकुंकू. माहेराहून निघणाऱ्या बाईची ओटी भरायची, हातांना तेवढंच माहीत. ताट घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली. अक्कांच्या मोकळ्या कपाळाकडे तिचं लक्ष गेलं होतं. काय करावं तिला सुचेना. अक्काच म्हणाल्या, 'राहू दे वं बहीन. माले आते ओटी नही चालस.' अगदी साधं बोलल्या, चहा नको म्हणावं तसं.

मी नानांकडे पाहिलं. या विषयावर त्यांचं मत काय आहे हे मी किमान तासभर ऐकलेलं होतं. विधवेचं हळदीकुंकू, समाजाचा दुष्टपणा, ग्रामसभेचे ठराव, सगळं. ते आता सुरू होणार म्हणून मी पिशवी खाली ठेवली. पण नानांनी माझ्या बायकोच्या हातून ताट घेतलं. बोटाने कुंकू घेतलं आणि बहिणीच्या कपाळाला लावलं, जरा वाकडंच लागलं. मग म्हणाले, 'अक्का, पदर धर.'

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. पुरुषाने ओटी भरल्याचं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी नारळ की आधी गहू हे नानांना ठाऊक नव्हतं आणि सांगायचं कुणाला सुचलं नाही. अक्कांनी हळूच पदर पुढे केला. नाना ताट खाली ठेवून ओंजळीने गहू घालू लागले. हाताला सवय नव्हती, गहू उंबऱ्यावर सांडत होता. अक्का म्हणाल्या, 'निम्मा गहू तं खाले सांडी टाका तू,' आणि तिथेच हुंदका फुटला. माझी बायको आत निघून गेली. मी बाहेर जाऊन रस्ता बघत उभा राहिलो, कारण मलाही आवरेना. जिच्या हातांनी ही ओटी भरली गेली असती ती माझी मेहुणी आज हवी होती, असं फार वाटलं.

परतीच्या गाडीत अक्का ओटीची गाठ मांडीवर धरून बसल्या होत्या. धरणगाव गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'त्याले सांगज्यात. वावर मन्हं शे ते शे. पन पुढली आखाजीले मुराळी येवालेच जोयजे. नही तं मी येवाव नही.' मुराळी म्हणजे बहिणीला सासरहून न्यायला येणारा भाऊ.

जळगावला उतरल्याबरोबर मी नानांना फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, 'तिले सांगज्यात, मी येसू.' आणि त्यांनी फोन ठेवला.