झोपलेलं लेकरू

मंगळवारी आमची मुलगी जन्मली. बुधवारी तिला पुरलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

माझ्या बायकोचे डोळे घारे आहेत. तिला दिवस गेले तेव्हापासून घरात एकच पैज लागली होती, लेकराचे डोळे आईसारखे होणार की बापासारखे? ते कळायचं राहून गेलं.

आता आपांविषयी. तुम्ही कधी वारंगा फाट्यावर गाडी बदलली असेल, तर टायरच्या दुकानामागची ती खोली पाहिली असेल. दारात चष्मा नाकावर घसरलेली एक बाई, आणि तिच्या मांडीवर बाळाचं नुसतं डोकं. मोठ्या शहरांतले लोक हुबेहूब नवजात बाळासारख्या बाहुल्या मागवतात. त्या आपा करून पाठवत. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. हात, पाय, डोकं पार्सलनं कोरं यायचं. त्यावर पातळ रंगाचे थर, कपाळावर निळी शीर, मग विजेच्या छोट्या भट्टीत भाजणं, मग सुईनं एकेक केस. पोटात पूर्णा नदीची धुतलेली वाळू, उचलताना खरं वजन लागावं म्हणून. कुणीही बाहुलीला हात लावायला गेलं की त्या म्हणत, "मान धरा आधी."

एकदा नांदेडहून येताना त्या बाहुली कुशीत घेऊन बसमध्ये चढल्या. खिडकीची जागा मिळाली. एकीनं पाणी दिलं, एकीनं पदरानं वारा घातला. फाटा आल्यावर आपांनी लेकरू पिशवीत घालून चेन ओढली. कंडक्टर त्यांना उतरू देईना. ही गोष्ट सांगताना आपा स्वतः हसत नसत. "त्याचं बराबरच होतं," म्हणत.

त्यांच्या सगळ्या बाहुल्या झोपलेल्या. उघड्या डोळ्यांची त्या करत नसत.

आमचं लेकरू गेल्यावर महिनाभरानं बायको त्यांच्या दारात जाऊन बसली. तिला आमच्या लेकराची बाहुली हवी होती, उघड्या, घाऱ्या डोळ्यांची. आपांनी बाहुली करायला घेतली. डोळ्यांना मात्र नाही म्हणाल्या. बायको रोज जायची, रोज तेच मागायची, आणि घरी येऊन जेवायची नाही. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, असलं काही घरात आणलंत तर पोरगी हातची जाईल. नाही आणलं तर काय होईल, ते त्यांनाही सांगता येईना. मी शाळेतल्या उद्याच्या तासाचं पुस्तक उघडून बसायचो आणि भिंतीपलीकडचं बोलणं ऐकायचो.

बाहुली पुरी झाली त्या संध्याकाळी पलीकडे बायकोचा आवाज चढला. मी धावत गेलो. बाहुली गादीवर होती, डोळे मिटलेले. बायकोच्या हातात आपांची कात्री होती.

"तुमी न्हाई उघडत, तर मी उघडते."

आपांनी हात पुढे केला नाही. कात्रीकडे पाहिलंही नाही.

"पोरी, निजलेलं लेकरू गप असतंय," त्या म्हणाल्या. "जागं असलं की रडतंय. डोळे उघडून हे रडलंच न्हाई, तर तू काय करशील?"

बायको तशीच उभी राहिली. कात्रीचं टोक बाहुलीच्या पापणीपासून वीतभर होतं. मला धीर धरवेना. मी दारातूनच म्हणालो, अगं, घरी चल.

तिनं कात्री खाली ठेवली. बाहुली उचलली, आधी मान धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हळू बोला."

यंदाच्या उन्हाळ्यात आपा गेल्या. त्यांचा भाचा खोली रिकामी करायला आला, तेव्हा एक डबी आमच्याकडे घेऊन आला. फुप्पीनं, म्हणजे आपांनी, सरांच्या घरी द्यायला सांगितली होती, म्हणाला. डबीत कापसावर दोन काचेचे डोळे होते. घारे. त्यांनी ते कधी मागवले, कितीदा हातात घेतले, कुणाला ठाऊक. बसवले मात्र नाहीत.

बायकोनं ते तळहातावर घेतले, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि परत कापसावर ठेवले.

पलीकडच्या खोलीला कुलूप आहे. डबी कपाटात आहे. बाहुली झोपलेली आहे, आणि आम्ही घरात हळू बोलतो.