देवापुढे ठेवलेली दुधाची वाटी

आपल्या मांजरीचे, चिंगीचे, मागचे सगळे दात काढले, त्या आठवड्यात मला देवघरात बसवत नव्हतं. हात जोडले की ओठांवर स्तोत्र यायचं आणि मनात यायचं, या मुक्या जिवाने कुणाचं काय वाईट केलं होतं? बाळांनो, तुम्ही अमेरिकेला जाताना तिला माझ्या मांडीवर ठेवून गेलात. रविवारच्या फोनवर आधी तिची चौकशी व्हायची, मग आम्हा दोघांची. तिला काही झालं तर तुम्हाला काय सांगू ही धास्ती होतीच. पण तिला नक्की किती दुखतंय हेच कळत नव्हतं, त्याने मी जास्त हैराण झाले होते.

तिच्या हिरड्या सुजून पिकल्या होत्या. मुंबईच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दात काढले, दुखू नये म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "उद्या कशी आहे ते फोन करून सांगा, मग पुढचं औषध ठरवू." तिला टोपलीत घालून आम्ही वसईला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि डॉक्टरांचा फोन काही लागेना. चिंगी शिवणयंत्राखाली पाठ उंच करून, पाय पोटाशी घेऊन बसलेली. तोंडातून लाळ गळत होती. दूधभात कुस्करून पुढे केला की जवळ यायची, तोंड लावायची आणि चटका बसल्यासारखी मागे सरायची. आणि हे सगळं होत असताना घुरघुरत होती! मांजर सुखात असलं की घुरघुरतं, असंच मी आयुष्यभर समजत आले होते. मग हिला सुख होतं की दुःख? तुमच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतेस? इतक्या वर्षांत मला तुझं कळलं नाही, तिचं काय कळणार?"

शेवटी मी औषधांचा डबा उघडला. तुम्ही लहान असताना ताप आला, दात दुखला, की मी पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून द्यायची. माणसाला चालतं ते थोडं कमी केलं की मांजरालाही चालणार, यात शंका घेण्यासारखं मला काहीच वाटलं नाही. गोळीचा चतकोर कुटून कोमट दुधात कालवला. आपल्या घरात औषध आधी देवाला दाखवतात, मग आजाऱ्याला देतात. माझ्या सासूबाईंची ही शिस्त मी कधी मोडली नाही. वाटी गणपतीपुढे ठेवली, भोवती पाण्याचं मंडल केलं आणि म्हटलं, "बाप्पा, तिला आराम दे. एवढंच मागते." नैवेद्य लगेच उचलायचा नसतो. देवाला सवड द्यायची असते. मी पदर सावरून बाजूला उभी राहिले, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, माझ्याच वयाची एक बाई. घामाघूम. हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी. "मास्तरांचं घर हेच ना, बाय? बी विंग?" आमची सी विंग होती. तिच्या नातीचं लग्न होतं. त्यांच्याकडे, वसईच्या ख्रिस्ती लोकांत, आमंत्रण टपालाने पाठवत नाहीत, घरोघर जाऊन तोंडाने सांगतात. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिची नजर शिवणयंत्राखाली गेली.

"हिला काय झालं? अशी काय बसली कुबड काढून?"

मी सांगितलं. औषध तयार आहे, देवापुढे ठेवलंय, आता देतेच, असंही सांगितलं. कोणतं औषध, तिने विचारलं. मी गोळीचं नाव घेतलं, तशी तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नको गं बाय. नको देऊस. माझा बोका गेला त्या गोळीपायी. मी पन असाच तुकडा दिलेला, पाय दुखावला म्हनून. संध्याकाळपर्यंत तोंड सुजलं त्याचं, हिरड्या मातीसारख्या काळपट झाल्या, श्वास घेता येईना." तिने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी रोझरी घेऊन त्याच्यापाशी बसलेली. खूप मागितलं देवाकडे."

आजोबांनी पुन्हा फोन फिरवला, आणि या वेळी तो लागला. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. चतकोर काय, कणभरही द्यायची नाही, मांजराचं शरीर ती गोळी पचवूच शकत नाही, म्हणाले. घुरघुरण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "मांजर दुखण्यातही घुरघुरतं. त्यावर जाऊ नका. खाते का, बसते कशी, ते बघा." त्यांनी वसईतल्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. आजोबा टोपली घेऊन रिक्षात बसले, आणि जाता जाता त्या बाईला बी विंगच्या जिन्यापर्यंत सोडून गेले.

मी घरात एकटी, आणि देवापुढे ती वाटी. आता तिचं काय करायचं? दाखवलेला नैवेद्य म्हणजे प्रसाद. प्रसाद टाकत नाहीत. तुळशीत ओतावं तर रात्री भटकी मांजरं कुंडी चाटतात. मोरीत ओतायला हात होईना. मी विष देवापुढे ठेवलं होतं आणि वर त्याच्याकडे आराम मागितला होता. त्याने ते स्वीकारलं होतं की नाकारलं होतं? ते दूध अजून प्रसादच होतं का? आजोबा परत आले तेव्हा मी तशीच उभी होते. ते म्हणाले, "त्यानेही प्यायलं नाही ना? मग ओत. तो आपल्यापेक्षा शहाणा आहे." मी हात जोडले आणि भरपूर पाणी सोडून दूध मोरीत ओतलं. आजही सांगता येत नाही, ते पाप होतं की पूजा.

वसईच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन दिलं होतं, आणि पुढच्या दिवसांसाठी मांजरांचंच थेंबांचं औषध. दिवस कलताना चिंगी यंत्राखालून बाहेर आली, पाय लांब करून लादीवर आडवी झाली. मग उठून पातळ केलेला दूधभात चाटू लागली. मध्ये थांबली, जीभ फिरवली, पुन्हा चाटू लागली. वाटी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो.

बाई जाताना मला पत्रिका देऊन गेली होती, म्हणून आम्ही लग्नाला गेलो. एवढ्या गर्दीत तिने मला ओळखलं. पहिला प्रश्न, "जेवते का?" मी म्हटलं, जेवते, भांडते, पडदेही फाडते. ती खळखळून हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "मंग माझा बोका फुकट नाय गेला," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मला होकार देता आला नाही. तिनेही मागितलं होतं, माझ्यापेक्षा जास्त कळवळून मागितलं असेल. तिचं मागणं कुठे गेलं? आपली चिंगी राहावी म्हणून तिचा बोका जावा, असा देव मला नको आहे. पण चुकलेल्या दारी तिला कुणी आणलं, हेही मी नाकारू शकत नाही. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. त्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवशी शांती होती.

त्या दिवसापासून मी देवाला काय कर ते सांगणं सोडलं. हात जोडते, त्या बोक्याची आठवण काढते आणि म्हणते, मला दिसत नाही, तुला दिसतं. मग गप्प बसते.