डब्लिनकडच्या शाळेत दोन जागा

डब्लिनला शिकून मी ढोकीला परत आले, तेव्हा वाटलं होतं की लोक विचारतील, "आता इथं काय नवं करणारेस?" संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनाचा वर्ग घ्यायचा, इथली मुलं इथंच घडवायची, असं सगळं डोक्यात पक्कं होतं. प्रत्यक्षात पहिलं काम आलं ते दोन मुलांना आयर्लंडच्या शाळेत जागा मिळवून देण्याचं. आणि गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्या लागतात तसे किस्से रांगेनं यायला लागले. एक गाडी रिकामी होईस्तोवर मागं दुसरी उभीच!

मुलं माझ्या चुलतभावाची, दादाची. आदी चौथीत, स्वरा पहिलीत. सुनीता वहिनी नर्स. त्यांना डब्लिनजवळच्या गावात नोकरी लागली, चौघांचे व्हिसा आले, आणि अचानक कामावर हजर व्हायची तारीख अलीकडं आली. तिथल्या शाळा मात्र भरलेल्या. वहिनी म्हणाल्या, "शाळा न्हाय मिळाली तर म्या एकटीच जाते. परक्या मुलखात लेकरं घरात कोंडून न्हाय ठेवायची." माझी झोप उडाली.

*

पहिल्या दिवशी दादाचे वडील, आमचे आबा, खुर्ची ओढून बसले.

"त्या शाळेचा संस्थाचालक कोण हाय?"

मी त्यांना सविस्तर समजावलं. तिथं ओळख चालत नाही, शिफारस चालत नाही, सगळ्यांना एकच नियम. बोलता बोलता समानतेवर माझं छोटं भाषणच झालं. आबांनी ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"पटलं. मग त्याचे पाव्हणे कुठले, तेवढं काढ."

*

एका शाळेनं कळवलं की सध्याच्या शिक्षकांनी मुलाबद्दल दोन ओळी लिहून पाठवाव्यात. मी आदीच्या गुरुजींकडं गेले. त्यांनी विचार करून सांगितलं, "लिही. पोरगं लई बोलतंय. पण खोटं बोलत न्हाय."

मी म्हटलं, "गुरुजी, पहिलं वाक्य गाळू या का? उगीच वाईट छाप पडेल."

"गाळ की. मग दुसऱ्यावर कोण इस्वास ठेवंल?"

मी दोन्ही वाक्यं पाठवली.

*

दुसऱ्या शाळेला हवा होता इमर्जन्सी नंबर. मूल आजारी पडलं, आईवडील फोनवर सापडले नाहीत, तर कुणाला बोलवायचं? तिथं आपलं कोण आहे, म्हणून दादा आणि मी डोकं खाजवत बसलो.

"माझा टाका," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही ढोकीत. पोरं तिकडं," मी म्हटलं.

"मग? मागल्या साली गल्लीतल्या बाळूचं पोरगं लातुरात पडलं, तवा फोन कुणाला आला? मलाच. म्या हितनं एक फोन लावला, धा मिनिटांत माणूस दवाखान्यात हजर. त्यांना म्हणावं, निवांत ऱ्हा."

*

सहा शाळांनी नकार कळवला. सातव्या शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी व्हिडिओ कॉल ठेवला. आई, वडील, दोन मुलं आणि भाषांतराला मी, एवढीच माणसं अपेक्षित होती. पण बातमी गल्लीत गेली होती. बाईंनी स्क्रीनकडं जरा वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, "यातले पालक कोण?"

मी भाषांतर केलं. चुलत्या, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांनी हात वर केले.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "एक कुटुंब गाव सोडून गेलंय, त्यामुळं दोन्ही वर्गांत एकेक जागा झालीये. पण यादीत बाकीचे थांबलेत. तुम्ही इथं पोचेपर्यंत जागा धरून ठेवायची आमच्याकडं पद्धत नाही."

वहिनींनी मान खाली घातली.

"काय म्हणती?" आबांनी मागून विचारलं. मी सांगितलं.

"मग रुमाल टाक म्हणावं."

मी काही हे सांगणार नव्हते. पण बाईंनीच विचारलं, "आजोबा काय म्हणतात?" नाइलाजानं सांगितलं, की आमच्याकडं एसटी आली की लोक खिडकीतून आत सीटवर रुमाल टाकतात. मग चढायला कितीही उशीर झाला तरी ती जागा त्या माणसाची.

"आणि दुसरं कुणी तो उचलत नाही?"

आबांना विचारलं. ते म्हणाले, "उचलतंय की एखादं. पण समदी एसटी त्यालाच बोलती."

बाईंनी सांगितलं की विचारून कळवते, आणि कॉल संपला.

संध्याकाळी मेल आला. मजकूर काहीच नाही, फक्त फोटो. दोन वर्गांतल्या दोन लहान खुर्च्या, आणि दोन्हींवर एकेक चौकडीचा रुमाल नीट पसरलेला.

वहिनींनी माझा फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला, परत मोठा केला. मग भाकरी थापायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापायच्या आत त्यांनी धाराशिवच्या विमान-तिकीटवाल्याला फोन लावला.

"भाऊ, ते माझं एकटीचं तिकीट राहू द्या. चार काढा."