जुनं सगळं काढ

गुंडुरावांना कुणी गाण्याचा शौकीन म्हटलं असतं तर लक्ष्मीदेवी पोट धरून हसली असती. या माणसाला भूप आणि भोंगा सारखाच! आणि बायको गेल्यावर हाच माणूस रोज सकाळी संगणकासमोर बसून गाणी वाजवायचा प्लेअर शोधत होता. एक लावायचा, तोंड वाकडं करायचा, दुसरा लावायचा.

घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी रंगाऱ्यांचं. आजोबांनी कापड छापलं, यांनी लग्नपत्रिका छापल्या. दुकान मिटलं तसा तिथला म्हातारा संगणक घरी आला. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हरिहर म्हणाला, "काका, यात लिनक्स टाकतो, पळायला लागेल." हरिहर साताऱ्याकडचा, इथं कंपनीत नोकरीला. मोठा गुणी माणूस, अडल्यानडल्याला धावून येणारा. त्यानं लिनक्स टाकलं आणि संगणक खरंच पळायला लागला.

त्या संगणकात लक्ष्मीदेवीची हळदीची गाणी होती. आजारपणात लेकीनं, भाग्यानं, ती फोनवर भरून घेतली होती. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, रंगाऱ्यांच्या बायकांनाच येणारी. आणि त्या बायका तरी आता कुठं उरल्यात? फोन पुढं बिघडला, गेला. गाणी तेवढी 'जुनं' नावाच्या एका फोल्डरात राहिली. त्यांची आणखी एक प्रत ठेवावी हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता भाग्याच्या मुलीचं, अमूल्याचं लग्न ठरलं होतं. नंजनगूडहून येऊन ती आजोबांच्या गळ्यात पडली होती. "अज्जा, माझ्या हळदीला अज्जीच गायला पायजे, आयतु! ठरलं!"

म्हणून तर हा सगळा खटाटोप. पण प्लेअर म्हणजे एकेक नग! एक म्हणे आधी अल्बमचं चित्र द्या. एक सगळी गाणी स्वतःच्या मर्जीनं लावून टाकी आणि मग हळद आधी की तेल आधी काही कळेना. आणि एकानं तर कहर केला. लक्ष्मीदेवीचा आवाज सुरू झाला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'अज्ञात कलाकार'. गुंडुरावांच्या डोक्यात सणक गेली. "अज्ञात तुझा बाप!" ते संगणकावर ओरडले आणि मग एकटेच रडले.

शेवटी हरिहरला गाठलं. पण त्याला सांगितलं काय? "हळदीला गाणी लावायची आहेत. नावगाव न विचारता, सुम्ने, नुसतं गाणं म्हणणारा प्लेअर दे रे बाबा." कुणाची गाणी, ते सांगितलं नाही. बायकोच्या आवाजासाठी जीव तुटतोय, हे परक्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

रविवारी सकाळी हरिहर आला. त्यानं साधा, मोठ्या बटणांचा प्लेअर बसवला. फोल्डर दाखवा, वाजवा, संपलं. शिवाय काकांच्या घरचं कार्य म्हणून आपल्याकडची सनईची, लग्नाची ढीगभर गाणी प्रेमानं घेऊन आला होता. ती घालायला गेला तर डिस्कवर जागा नाही. गुंडुराव आत कॉफी करत होते.

"काका, इथं 'जुनं' म्हणून एक फोल्डर आहे. आत फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे दिसतायत. याचं काय करू?"

गुंडुराव आतून ओरडले, "तेच की रे! काढ, काढ!"

"सगळं काढू?"

"अय्यो, सगळं काढ! विचारत काय बसलायस?"

कन्नडात उघडायलाही 'तेगी' आणि काढायलाही 'तेगी'. त्यामुळं म्हैसूरच्या या घरांत दार उघडत नाहीत, दार काढतात. निजलेल्या लेकराला 'डोळे काढ' म्हणतात आणि महाराष्ट्रातला नवा माणूस दचकून बघत राहतो. हरिहरनं साताऱ्यात काढतात तसं काढलं. पुसलं, कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा न ठेवता कायमचं पुसलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपली सनई भरली.

कॉफी घेऊन गुंडुराव हौसेनं खुर्चीत बसले. "हं, लाव आता."

सनई वाजली.

"हे नव्हे. जुनं लाव."

"जुनं तर काढलं ना, काका. तुम्हीच म्हणालात."

गुंडुरावांनी आता सांगितलं, ती गाणी कुणाची होती. हरिहरला तेव्हा कुठं सगळं कळलं. संगणक उचलून तो दुकानांमागून दुकानं फिरला. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, पुसलेलं कदाचित मिळालं असतं, पण त्यावर दुसरं लिहिलं गेलंय. परत येऊन तो उंबऱ्यातच बसला, "काका, मला मारा हो," म्हणाला. मारायचं कुणाला? चूक त्याची असती तर किती बरं झालं असतं! चार शिव्या देऊन छाती हलकी तरी झाली असती.

भाग्याला फोनवर सांगितलं. तिनंच पुढं अमूल्याला कळवलं.

हळदीच्या दिवशी अमूल्या पाटावर बसली. बायका वाटी घेऊन थांबल्या. गाण्याशिवाय हळद लावायची कशी? भाग्याला पहिल्या दोन शब्दांपुढं येईना. शाळा कन्नड, सासर कन्नड, तिची मराठी तेवढीच. अमूल्यानं मान वळवली.

"अज्जा, तुम्ही तर अज्जीचं रोज ऐकत होता. एक ओळ सांगा की."

रोजच कानावर पडत होतं. नळाचं पाणी कानावर पडतं तसं. गुंडुरावांनी डोळे मिटले आणि जीव एकवटून तिचा आवाज शोधला. शब्द नको, सूर नको, नुसता आवाज तरी. आत ऐकू आला तो त्यांचा स्वतःचाच, स्वयंपाकघरातून ओरडणारा, सगळं काढ, सगळं काढ.

"नाही येत गं," ते म्हणाले.

बायकांनी मग गाण्याशिवायच हळद लावली.