हिरव्या गाडीचं डावं दार

भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये जुन्या गाड्यांचा लिलाव होता. आदल्या दिवशी सहा गाड्यांना पॉलिश करायचं काम मला मिळालं होतं. डेंटिंग-पेंटिंगचं माझं स्वतःचं दुकान आहे. भिवंडीत या धंद्यात बाई म्हणून मी एकटीच असेन.

चौथी गाडी समोर आली आणि मी थांबले. दोन दारांची, बुटकी, मागे उतरत्या छपराची परदेशी स्पोर्ट्स गाडी. रंग गर्द हिरवा. काचेवरच्या माहितीत लिहिलं होतं, ‘रंग कंपनीचा, मूळ. एकदाही पुन्हा रंगवलेली नाही.’

डाव्या दारावरून मी हात फिरवला. ते दार मी रंगवलेलं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वडील भिवंडीत हायवेला ट्रक रंगवायचे. एका दुपारी शहरातले एक वकील ही गाडी घेऊन आले. गेटच्या खांबाला घासून दार आत गेलं होतं. वडील म्हणाले, “साहेब, आपलं काम टरकाचं हाय. ही नाजूक गाडी आपल्याला न्हाय जमायची.”

“मला जमेल,” मी म्हटलं. तोवर ट्रकच्या पाठीमागे फुलं काढण्यापलीकडे मला कुणी काही काम दिलं नव्हतं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि रंगाची स्प्रे-गन माझ्या हातात दिली. रंग जुळवायला मला तीन दिवस लागले. हिरव्यात काळा, मग थेंबभर पिवळा, पुन्हा काळा. वकील गाडी न्यायला आले तेव्हा त्यांना दोन्ही दारांत फरक सापडला नाही. तेव्हाच मी ठरवलं की हेच करायचं.

मी लिलावाच्या मॅनेजरला बोलावलं. “हे चुकीचं छापलंय. डावं दार रंगवलेलं आहे.”

“कुणी सांगितलं?”

“रंगवलंय मी.”

तो हसला. “मॅडम, तुम्ही पॉलिश करा ना.”

“करते. पण घेणाऱ्याला उद्या कळलं, तर त्याला तोंड तुम्हाला द्यावं लागेल.”

त्याने गाडीच्या मालकाला फोन लावला. तासाभरात तेच वकील काठी टेकत आले. बरोबर त्यांची मुलगी होती. मला त्यांनी ओळखलं नाही. “माझ्या गाडीला कुणी ब्रश लावलेला नाही,” ते ठणकावून म्हणाले. “कंपनीतून आली तशी आहे.”

मॅनेजर माझ्याकडे असा बघू लागला, जणू आता ही बाई माफी मागणार.

मी म्हटलं, “वकीलसाहेब, दाराचं आतलं अस्तर काढू द्या. आत कडेला रंगाखालचा तांबडा प्रायमर दिसेल, ट्रकच्या चासीला मारतात तो. दुसऱ्या दाराला तो नसणार. नसला डाव्याला, तर मी सहाही गाड्या फुकट करून देते.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी स्क्रू काढले, अस्तर सोडवलं, टॉर्च मारला. कडेने तांबडा पट्टा होता. तो तेवढा वडिलांनी मारला होता, सढळ हाताने.

वकील वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “हायवेवरचं ते ट्रकचं दुकान.” आणि एकदम खदखदून हसायला लागले. “हिच्या आईला मी सांगितलं होतं, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. ती चिडली असती. मग गाडीला कधी दुसरा रंग लागलाच नाही, असं सगळ्यांना सांगत राहिलो. पुढे मलाच खरं वाटायला लागलं.”

“बाबा!” मुलगी म्हणाली. “आणि गेटच्या खांबावरचा हिरवा ओरखडा बघून आईने माझ्यावर संशय घेतला होता. तेव्हा मी नुकती गाडी शिकत होते!”

दुसऱ्या दिवशी बोली सुरू व्हायच्या आधी मॅनेजरने माईकवरून दुरुस्ती सांगितली: डावं दार एकदा रंगवलेलं आहे, भिवंडीत. हॉलमध्ये कुजबूज झाली. नाशिकच्या एका गृहस्थांनी उठून दोन्ही दारं जवळून पाहिली, वाकून, चष्मा काढून. “मला तर फरक दिसत नाही,” ते म्हणाले आणि परत जागेवर जाऊन बसले. शेवटची बोली त्यांचीच होती.

मुलगी कागदपत्रांसाठी थांबली. वकील थकले होते, म्हणून मी त्यांना माझ्या टेम्पोतून घरी सोडायला निघाले. गाडी गेल्याचं दुःख ते करतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. अंजूरफाट्यापर्यंत मी गिअर कसे टाकते ते बघत होते.

“क्लचवर पाय ठेवून चालवू नये,” ते म्हणाले.

“टेम्पो माझा आहे, वकीलसाहेब,” मी म्हटलं आणि पुढच्या कंटेनरला मागे टाकलं.